दामूनानांची अठरा मिनिटं

‘धुळ्याला चाललोय’ असं कुणी सांगितलं, की आमच्या शेजारचे दामूनाना चष्मा कपाळावर सारून विचारत, “विमानाने?”

तेव्हा जळगावात विमान म्हणजे गच्चीवर धावत जाऊन बघायची वस्तू. नानांनीही तेवढंच पाहिलेलं. पण माणूस मोजणी खात्यातून पेन्शनीत निघालेला. भिंतीवर खानदेशचा नकाशा, खिशात फूटपट्टी. “धुळं बावन्न मैल, अठरा मिनिटं. जामनेर सात. भुसावळ म्हणशील तर टेकतोस न टेकतोस तोच उतर.”

“आणि विमान वर चढायला, खाली यायला, नाना?”

“ते विमानवाल्यांनी बघावं. तू सरळ रेघेत बोल!”

रेल्वेवर त्यांचा विशेष राग. “धुळं पश्चिमेला, आणि ही बया आधी खाली चाळीसगावला नेऊन बसवते!”

त्यांच्या सरळ रेघेवर भरवसा ठेवून मी एकदा सायकलवर एरंडोलला निघालो आणि गिरणा नदीच्या वाळूत सायकल खांद्यावर घेऊन तासभर उभा राहिलो. तेवढ्याने शहाणा झालो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

नानांची एकुलती कुसुम धुळ्याला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे झाडून साऱ्या लेकी माहेरी येतात. कुसुमची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिला एकच दिवस मिळे. सकाळचा स्वयंपाक उरकून निघायचं, दिवेलागणीला परत. मोटारीचे जाऊन-येऊन सात तास. नानांच्या वाट्याला लेक उरे दीड तास.

दरवर्षी तिला आणणारा पुतण्या त्या साली आजारी पडला, म्हणून मुराळी झालो मी. आदल्या दिवशीच धुळं गाठलं. येताना मोटार पारोळ्याला थांबली आणि मला भज्यांचा वास आला. पहिला घाणा संपलेला. दुसऱ्याची वाट बघितली, वर चहा घेतला. मोटार मला टाकून जायची, पण कुसुम दारात आडवी उभी! कंडक्टर ओरडला, “बठ्ठा भजा खाई ल्या भाऊ, मंग निघूत!”

सारी मोटार हसली. कुसुम हसली नाही. तिची वीस-पंचवीस मिनिटं मी खाल्ली होती.

घरी पोचल्यावर नानांपुढे कबुली दिली. वाटलं, आता फूटपट्टी पाठीत बसणार. पण ते माझ्या बायकोने करून दिलेल्या पुरणाच्या मांड्यांवर तूप वाढत राहिले. कुसुम सासूच्या औषधांचं सांगत होती. नाना घड्याळाकडे पाठ करून ऐकत होते.

तीन वाजता परतीच्या मोटारीत मी चढणार, तोच नानांनी मागून माझा सदरा धरला. “तू राहू दे. मी पोचवतो.”

“तुम्ही? नाना, साडेतीन तास! हाडं खिळखिळी होतील.”

“होऊ देत की.”

खिडकीशी कुसुम, शेजारी नाना. क्लीनरने हँडल मारलं, तसे नाना पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाले, “भाऊ, सावकाश जाऊ द्या. दिवे लागायला वेळ आहे अजून.”