आबांचा इंग्रजी राग

रोज सकाळी आमच्या गल्लीत एका बकरीवर आरोप ठेवला जायचा. "आय इम्पीच यू!" असा खणखणीत आवाज यायचा. बकरी तोंडातली जास्वंद सावकाश संपवायची आणि पुढच्या दाराकडे निघून जायची.

हे फिर्यादी म्हणजे आमचे घरमालक आबा. धुळ्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते, रिटायर होऊन अमळनेरला आपल्या घरी येऊन राहिले होते. मी तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवायला नवाच लागलो होतो आणि त्यांच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. इतकं गंभीर इंग्रजी मी माणसांशीही कुणाला बोलताना ऐकलं नव्हतं.

नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या गोऱ्या साहेबाच्या हाताखाली त्यांनी ते उचललं होतं. साहेब गेला, त्याचं राज्यही गेलं, शब्द तेवढे आबांकडे राहिले. आरोप करायचा तर 'इम्पीच'. कर्तव्याची आठवण द्यायची तर 'इट बिहूव्ज यू'. आणि कुणी हल्ला केला तर 'असेल', हेही इंग्रजीच. हल्ला म्हणजे नुसता धक्का लागला तरी पुरे. एकदा दूधवाल्याची सायकल त्यांच्या धोतराला घासून गेली. "यू असेल मी?" आबा गरजले.

"असेल आबा, असेल," दूधवाला हात जोडून म्हणाला, "मनंच चुकनं."

आरोपीनं गुन्हा कबूल केला म्हणून आबांनी त्याला सोडून दिलं.

माझ्या वाट्याला बिहूव्ज यायचं. फाटक उघडं राहिलं, इट बिहूव्ज यू. नळ ठिबकतोय, इट बिहूव्ज यू. मी एकदा वैतागून म्हटलं, "आबा, मराठीत सांगा की सरळ."

"मराठीत सांगितलं तर तुम्हाला राग येईल, मास्तर."

सगळ्यात जास्त खटले मात्र अक्कांवर, म्हणजे त्यांच्या बायकोवर. अक्कांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. कढीत मीठ कमी पडलं की आबा ताट पुढे सारून म्हणायचे, "आय इम्पीच यू फॉर द कढी!"

"आखो एक फुनकं लेतस का?" अक्का विचारायच्या.

आबा ते डाळीचं वाफवलेलं फुनकं कढीत बुडवायला घ्यायचे. पोरबाळ नव्हतं. घरात माणसं दोनच, आणि त्यातलं एक सतत फिर्यादी! म्हातारीनं कसे दिवस काढले असतील, असं मला वाटायचं आणि आबांचा थोडा रागही यायचा.

मग अक्का अंगानं उतरू लागल्या. धुळ्याला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. आबांनी मला सांगितलं, आणि अक्कांना यातलं काही कळू द्यायचं नाही म्हणून माझ्याकडून वचन घेतलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एसटीनं डबा घेऊन जायचो.

अशाच एका शनिवारी आबा औषध आणायला खाली गेले होते. अक्कांनी मला जवळ बोलावलं.

"मास्तर, माले काय व्हयेल शे?"

"काही नाही अक्का, अशक्तपणा आहे."

"मंग त्या इंग्रजी काबर बोलतस नई?"

अक्कांचं 'त्या' म्हणजे आबा. खरंच, दवाखान्यात आल्यापासून आबांच्या तोंडून एक इंग्रजी शब्द निघाला नव्हता.

"सकाये मनाथीन दूध सांडं," अक्का म्हणाल्या. "तरी त्या काहीच बोलनात नई. म्हंजे मनं काही खरं नई. त्यासले सांगा, माले पहिलासारखं रागे भरा. त्या अशा गोड बोलतस ते माले भेव वाटस."

मी आबांना बाहेर बाकावर गाठलं आणि अक्कांचा निरोप सांगितला. त्यांनी औषधाची बाटली बाकावर ठेवली. मग माझ्याशी कधी नव्हे ते अहिराणीत बोलू लागले.

"मास्तर, आमना एक पोऱ्या व्हता. तापमा गया. मी तिले बोलनू, तुनामुये गया. ती वरीसभर मनासंगे बोलनी नई. आपली भाषामा बोलं का काळीजले लागस. इंग्रजीमा कोनले लागत नई."

तेव्हापासून राग आला की इंग्रजी. तेही असलं जुनाट, की गल्लीतल्या एखाद्या शिकलेल्यालाही अक्कांना अर्थ सांगता येऊ नये. मी मनातल्या मनात आबांची माफी मागितली.

"मग बोला ना आत्ता तसं," मी म्हटलं.

"राग यायला पाहिजे ना, मास्तर," आबा म्हणाले. "तिचा राग येतच नाही हो आता."

तरी ते उठले. अक्कांनी पेज अर्धी टाकली होती. आबा खाटेच्या पायथ्याशी ताठ उभे राहिले. "आय इम्पीच यू," आवाज पहिल्याच शब्दाला चिरकला, "फॉर द पेज! इट बिहूव्ज यू टु ईट!" शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली. अक्का हसल्या आणि त्यांनी वाटी तोंडाला लावली. आबा खिडकीकडे वळून टोपीनं डोळे पुसत होते. मला हसू येत होतं आणि रडूही.

त्यानंतर ते रोज न चुकता अक्कांवर आरोप ठेवत राहिले. गोळी उशिरा घेतली म्हणून, पांघरूण सरकलं म्हणून, काही नाही मिळालं तर खोकल्या म्हणून. "मी आते बरी व्हसू, मास्तर," अक्का मला म्हणाल्या. "त्या परत रागे भराले लागनात."

अक्का गेल्या. त्यांना अमळनेरला घरी आणलं. अंगणात सगळी गल्ली जमली होती. आबा उशाशी बसून होते. तिरडी उचलायला माणसं वाकली तेव्हा त्यांनी हातानं सगळ्यांना थांबवलं. अक्कांचा पदर नीट केला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"माले ईचारं नई, सांगं नई," त्यांचा आवाज चढत गेला, "माले एकलाले टाकीसन कशी गयी तू?"

ते पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले. या वेळी गल्लीतल्या प्रत्येकाला शब्दन्‌शब्द समजत होता.