म्हाताऱ्याचा श्वास

आकाश बघायला डोळे लागतात, हा लोकांचा गैरसमज मी कायमचा मोडणार होतो! वेधशाळेतला मी साधा प्रोग्रामर, पण घरच्या लॅपटॉपवर तीन महिने डोकेफोड करून असं यंत्र बनवलं, की ताऱ्याच्या नोंदींची फाइल घालून चकती फिरवली की त्याचा प्रकाश ऐकू येतो. प्रकाश वाढला की आवाज चढतो, मंदावला की उतरतो. एवढं सोपं!

परीक्षा घ्यायला अंधशाळेच्या बाई आल्या. त्या स्वतः जन्मापासून अंध. त्यांनी मान डोलावली तर यंत्र वेधशाळेच्या दालनात लागणार, नाहीतर माझी रवानगी पुन्हा हजेरीच्या सॉफ्टवेअरवर.

"तारा कोणता?" बाईंनी विचारलं.

"मरायला टेकलेला आहे. लाडाने मी त्याला म्हातारा म्हणतो. फाइललाही तेच नाव दिलंय."

वेधशाळेच्या साहेबांनी वातावरणनिर्मिती म्हणून दिवे घालवले. बाईंनी चकती फिरवली.

अंधारात कोणीतरी श्वास घेतला.

खोल, घोगरा, अगदी कानाशी. मग सोडला. पुन्हा घेतला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तीन महिन्यांत हा तारा असा कधी वागला नव्हता. पडद्यावरचा आलेख बघून साहेब मात्र कुजबुजले, "वा, काय जातिवंत तारा आहे."

तेवढ्यात श्वास थांबला. बाई हलक्या आवाजात सेकंद मोजत होत्या.

"पंधरा... सोळा... सतरा..."

साहेबांनी माझा दंड धरला.

"एकोणीस..."

आणि बुडणारं माणूस वर यावं तसा आचका देऊन तो पुन्हा सुरू झाला.

"हा तारा नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "माणूस आहे. उताणं झोपलंय, सत्तरीचं असेल, घसा अडतोय. आणि दिवे लावा आता. माझ्यासाठी नाही, तुम्ही दोघं थरथरताय म्हणून."

लॅपटॉप घरी बायकोही वापरते. मी तिला फोन लावला.

"अगं, लॅपटॉपवर 'म्हातारा' नावाची फाइल..."

"माझी आहे. डॉक्टरांनी माझ्या बाबांचा झोपेतला श्वास मागवला होता, म्हणून छातीला पट्टा बांधून नोंदवला. आई त्यांना म्हातारा म्हणते, तेच नाव दिलं. पण ती तर मी सकाळीच डॉक्टरांना पाठवली."

"तू पाठवलास तो तारा आहे."

"तरीच," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, असा आलेख जिवंत माणसाचा नसतो. बाबा समोर पेपर वाचत बसलेत, पण तेव्हापासून आई त्यांच्या जवळ जायला तयार नाही."

मी मान खाली घालून हजेरीच्या सॉफ्टवेअरची मनाने तयारी केली. बाई उठल्या.

"साहेबांनी बघितलं, डॉक्टरांनी बघितलं. माणूस कुठला आणि तारा कुठला, दोघांनाही कळलं नाही. मला ऐकून कळलं. यंत्र पास."

मी हरखून गेलो!

"फक्त दाराशी एक पाटी लावा," दार चाचपत त्या म्हणाल्या. "डोळसांनी एकट्याने आत जाऊ नये."

पाटी लागली आहे. अक्षर माझंच आहे.