अडीच अंशांचा फरक

मागच्या खोलीच्या भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले होते. एकाचा फुगा कोरडा होता. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळलेली होती आणि वातीचं टोक औषधाच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं होतं. सहा एप्रिलला दुपारी अडीच वाजता कोरड्याचा पारा एकेचाळीसवर होता आणि ओल्याचा बावीसवर. सिंधूताईंनी चष्मा नाकावर नीट बसवला, पुन्हा एकदा वाचून खात्री करून घेतली आणि वहीत लिहिलं : फरक एकोणीस.

नागपूर उन्हाळा काढतं ते या फरकाच्या जोरावर, असं त्यांचं म्हणणं होतं. एकतीस वर्षं त्यांनी कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली होती. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी भराभर उडतं आणि तितकी कूलरची हवा गार. ज्या गावात एकोणीस अंशांचा फरक फुकट मिळतो, तिथे एसी लावणं म्हणजे विज्ञानाचा अपमान, हे त्या बावीस वर्षं ऐकणाऱ्यांना आणि न ऐकणाऱ्यांनाही सांगत आल्या होत्या.

त्यांचे यजमान भैय्याजी यांचं विज्ञानाशी काही देणंघेणं नव्हतं, पण कूलरशी होतं. पाडवा झाला की ते गच्चीवरून तिन्ही कूलर उतरवायचे, पत्र्याला रंग मारायचे, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ताट्या स्वतःच्या हाताने बसवायचे आणि पहिल्या दिवशी समोर खुर्ची टाकून कूलरच्या तोंडाला तोंड लावून बसायचे. पस्तीस वर्षांच्या संसारात दोघांचं पूर्ण एकमत होतं असा हा एकच विषय.

त्या एकमताला यंदा तडा दिला प्रीतीने, म्हणजे त्यांच्या मुलीने.

"आई, डॉक्टरांनी वीस जून तारीख दिली आहे. तिकडे नागपुरात, धंतोलीतल्या दवाखान्यात नाव घालून ठेवलंय," ती अमरावतीहून फोनवर म्हणाली. "पण मागच्या खोलीत एसी लागला तरच मी येते. नाहीतर इथेच राहते. सासूबाईंनी इथे लावून घेतलाय."

"अगं, कूलर आहे ना. आपल्याकडे कोरड्या आणि ओल्या..."

"आई, जूनच्या शेवटी तुझा फरक किती उरतो?"

सिंधूताई "आवाज तुटतोय गं," म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. आवाज मुळीच तुटत नव्हता. बावीस वर्षांच्या वह्यांमध्ये जूनच्या शेवटच्या आठवड्याची पानं होती, पण ती त्या कुणाला दाखवत नसत.

पहिलंच बाळंतपण, आणि तेही माहेरी होणार की नाही याचा पत्ता नाही. सिंधूताईंनी खोलीचे पडदे धुतले, कडीला पाळणा टांगून पाहिला, तो पुन्हा काढून ठेवला. एसीचं मात्र तोंडातून निघेना. रोज सकाळी त्या ठरवायच्या की आज बोलायचं. रोज दुपारी पारा एकोणीस अंशांचा फरक दाखवायचा आणि बोलणं उद्यावर जायचं.

याच सुमारास विक्की आला. विक्की म्हणजे भैय्याजींचा पुतण्या. नागपूरला लागून असलेल्या वाडीला त्याचं गोदाम होतं आणि ट्रकमधून आलेल्या कुठल्याही वस्तूत त्याला धंदा दिसायचा. भैय्याजींच्या छतावर गेल्या वर्षी सोलर बसलं होतं, आणि दुपारची वीज उरते ही गोष्ट त्यांना चपलेतल्या खड्यासारखी टोचत होती. विक्कीने नेमकी तीच जागा हेरली.

"काकाजी, वीज सांडून राहिली तुमची. बिटकॉइनची मशीन लावा. रातंदिवस गणितं सोडवते ते, अन् त्याचे पैसे भेटते."

"कोनाची गणितं?"

"ते नका विचारू. आपल्याले मशीन फक्त चालू ठेवा लागते."

रविवारी तिघं वाडीला गेले. गोदामात तीन मशिनी मांडून ठेवल्या होत्या. भैय्याजींनी आयुष्यात सतरा कूलर निवडले होते, त्यामुळे यंत्र कसं निवडायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी पहिल्या मशीनवर बोटाने टिचकी मारली.

"पत्रा किती गेजचा आहे गा?"

"काकाजी, पत्रा नाही पाहत याच्यात."

"मंग काय पाहते?"

हे विक्कीलाही नीट सांगता आलं नसतं. त्याने मशीन चालू केली. ती नवी, आटोपशीर, गुणी मुलीसारखी हळू आवाजात चालणारी होती. भैय्याजींनी तिच्या पंख्यासमोर तळहात धरला आणि मान हलवली. "हवाच नाही फेकत हे." दुसरी उघड्या सांगाड्यावर पाटीएवढे सहा कार्ड लावलेली होती. "याले तर अंगच नाही. निर्रा तारा." तिसरी जुनी, पावाच्या लादीएवढी, उचलताना कमरेत चमक भरेल इतकी जड. ती सुरू झाली तशी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं.

"हे!" भैय्याजी ओरडले. ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. "याले म्हनते हवा!"

सिंधूताईंनी वाकून मशीनवरची चिठ्ठी वाचली. सेकंदाला चौदा टेराहॅश, म्हणजे चौदा लाख कोटी गणितं. चौदाशे वॅट. "विक्की, म्हणजे एका टेराहॅशला शंभर जूल. त्या पहिल्या मशीनला किती लागतात?"

"वीस लागत असन, काकू."

"मग तेवढ्याच गणितांना ही पाचपट वीज खाणार."

"पण काकू, काकाजीले हवा पसंत आली."

"आणि जेवढी वीज खाईल तेवढी उष्णता खोलीत सोडेल. इस्त्री चोवीस तास चालू ठेवल्यासारखं."

"अवं, मंग आपल्या घरी कूलर काहाले आहे?" भैय्याजी म्हणाले.

खरं म्हणजे सिंधूताईंनी इथेच बोलायला हवं होतं. बंद खोलीत कूलरचं पाणी हवेतच साठतं आणि फरक आटत जातो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण कूलरविरुद्ध बोलायला तोंड उघडलं आणि बावीस वर्षांचं स्वतःचंच बोलणं आठवलं. त्यांनी खाली पडलेलं कॅलेंडर उचलून भिंतीला टेकवून ठेवलं.

मशीन मागच्या खोलीत बसली, कारण विजेचा मोठा पॉइंट तिथेच होता. "मे महिन्यापर्यंतच," भैय्याजींनी वचन दिलं. "प्रीती याच्या आधी काढून टाकतो." मशीनची गरम हवा मागच्या खिडकीतून अंगणात जायची आणि बाजूच्या खिडकीतून कूलर तिला गार हवा पाजायचा. सोलर संध्याकाळी सहाला झोपी जायचं. मशीन झोपत नव्हती.

चौथ्या दिवशी शेजारच्या इंदूबाई डोक्यावर डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"बाई, सांगतलं नाही वं तुम्ही! घरीच चक्की टाकली म्हने. दोन पायल्या गहू आहे, जाडसर दळा."

"चक्की नाही हो इंदूबाई. ती गणितं करणारी मशीन आहे."

इंदूबाईंनी खोलीच्या बंद दाराला कान लावला. "एवढं बोंबलून?" त्या डबा घेऊन परत निघाल्या, पण अंगणातून जाताना त्यांच्या गालाला मागच्या खिडकीची गरम हवा लागली आणि त्या थबकल्या. "मंग मिरच्या तरी वाळवू द्या इथं. गच्चीवर माकडं लय झाले." तेव्हापासून खिडकीखाली त्यांची बाज पडली, आणि बाजेवर देठ खुडलेल्या भिवापुरी मिरच्या.

आठ दिवसांत मशीन तापू लागली. भैय्याजींनी बैठकीतला कूलर नेऊन तिच्या बाजूला लावला. मग स्वयंपाकघराजवळचा नेला, पहिल्या दोघांच्या टाक्या कोरड्या पडल्या तर असावा म्हणून. घरातली माणसं पंख्याखाली ओला टॉवेल गळ्यात टाकून बसली आणि तिन्ही कूलर मशीनच्या सेवेत रुजू झाले. बोअरचं पाणी उपसून उपसून भैय्याजींच्या दंडांना पंचविशीतला आकार येऊ लागला.

एके सकाळी सिंधूताईंनी मशीनच्या जाळीवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. त्यांनी चष्म्यातून निरखलं, मग जिभेच्या टोकाला लावून पाहिलं. "क्षार. बोअरचे. तुमचा कूलर पाण्याबरोबर हेही उडवतो आणि ही ओढून घेते."

"मंग पुसून टाकतो."

"आत कसं पुसणार? आतल्या तीन सर्किटच्या पाट्यांपैकी एक बंद पडलीय. आतापर्यंत मिळालं तरी किती हिच्यातून?"

भैय्याजींनी भिंतीकडे पाहत सांगितलं, "एक प्लेट तर्रीपोहे येईन."

"आणि चहा?"

"चहा पुढच्या हप्त्यात."

सिंधूताईंनी थर्मामीटर वाचले. फरक सहा. वहीत लिहिला आणि वही मिटली.

मंगळवारी सकाळी अमरावतीहून फोन आला की प्रीतीच्या सासूबाई, शामलाताई, खोली बघायला येताहेत, आणि त्यांची बस कोंढाळीच्या पुढे आली आहे, म्हणजे तासाभरात त्या दारात. भैय्याजी उभ्या जागी तीनदा गोल फिरले.

"बंद करा ती मशीन," सिंधूताई म्हणाल्या.

"बंद केली तर पुन्हा चालू होत नाही म्हने विक्की. एक पाटी मेली आहे, बाकीच्या दोन भेदरल्या आहेत." मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "अवं, चूक सापडली! कूलर कसा राहते? खिडकीतून बाहेरची हवा ओढते अन् घरात फेकते. हे उलटी लावली आपन. घरातली हवा बाहेर फेकून राहिली!"

"अहो, नको..."

पण भैय्याजींनी मशीन उचलून फिरवलीसुद्धा. तिचं ओढणारं तोंड खिडकीकडे, फेकणारं खोलीत. वर खाटेवरची नवी चादर पांघरली, विहीणबाईंना दिसू नये म्हणून. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं, तिन्ही कूलरचे पंप जोरात सुरू केले आणि कपाळ पुसत पाहुण्यांना घ्यायला फाटकाशी गेले.

शामलाताई ठेंगण्या, गोऱ्या आणि नजरेने पक्क्या होत्या. पाणी प्यायल्यावर त्यांनी व्याह्यांना पहिला प्रश्न केला, "इवाईजी, हा घुर्र आवाज कायचा आहे?"

"शेजारी चक्की टाकली कोनीतरी," भैय्याजी म्हणाले.

"बरं. खोली दाखवा."

दार उघडलं. आतली हवा बाहेर आली ती उकळत्या भाताच्या झाकणाखालची असावी तशी. भिंतींवरून थेंब ओघळत होते. चादर फुगून भोपळ्यासारखी गोल झाली होती आणि खालून गुरगुरत होती. शामलाताईंनी पदर नाकाला लावला, पण तोवर उशीर झाला होता. मशीनने अर्धा तास इंदूबाईंच्या बाजेवरचा मिरच्यांचा भुगा आणि बिया शोषून आत तापत्या पाट्यांवर खमंग परतल्या होत्या.

पहिली शिंक शामलाताईंची. दुसरी भैय्याजींची, तिच्यासरशी चादर उडाली. मग ठसका, आणि मग तिघांचाही एकत्र ठसका. तेवढ्यात मागच्या खिडकीत इंदूबाईंचं डोकं उगवलं. "बाई, माह्या मिरच्या कोन खाऊन राहिलं वं?" आणि त्याही खोकू लागल्या.

"भैय्याजी, बंद... बंद करा नं गा ते!" शामलाताई नाव घेऊनच ओरडल्या.

मशीनने कुणाची वाट पाहिली नाही. आत काहीतरी चटकन वाजलं, घरातली सगळी वीज गेली, आणि एकोणीस दिवसांनी पहिल्यांदा त्या घरात शांतता झाली. इतकी शांतता, की कूलरच्या ताट्यांमधून टाकीत गळणारं पाणी ऐकू येत होतं. चौघांनी डोळे पुसले.

शामलाताई खाटेच्या काठावर बसल्या. रागावल्या नव्हत्या. "इहीनबाई, माह्या घरी एसी आहे, दोन बाया आहेत कामाले, सगळं आहे. तरी मी इथवर आली. काहून आली? पोरगी राती झोपत नाही. पहिल्या खेपेले आईजवळ जावंसं वाटते तिले. मले म्हने, बाबाले नका विचारू, आईले विचारा. आई काय म्हन्ते ते सांगा." त्यांनी भिंतीवरून ओघळणाऱ्या थेंबाकडे पाहिलं. "तर सांगा. माहा नातू इथं कसा राहीन?"

"चौथा कूलर आनतो," भैय्याजी घाईघाईने म्हणाले. "मोठा. लोखंडी अंगाचा. ताट्या बदलतो, अन्..."

कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सगळे सिंधूताईंकडे पाहत होते, खिडकीतल्या इंदूबाईसुद्धा.

सिंधूताई उठल्या आणि भिंतीपाशी गेल्या. चष्म्याची वाफ पदराने पुसली. कोरडा सदतीस. ओला साडेचौतीस. पुन्हा एकदा वाचून खात्री केली. मग त्यांनी टेबलावरची गेल्या वर्षीची वही उघडली, एप्रिल उलटला, मे उलटला आणि कुणालाही न दाखवलेलं पान काढून शामलाताईंच्या हातात दिलं. चोवीस जून, फरक तीन. पंचवीस जून, फरक अडीच. शेजारी बारीक अक्षरात त्यांच्याच हातचं लिहिलेलं होतं : कूलर निरुपयोगी.

"हे काय होय?" शामलाताईंनी विचारलं.

"आत्ता या खोलीत जे आहे तेच," सिंधूताई म्हणाल्या. "या मशीनने दोन महिने आधी जून करून दाखवला. मला बावीस वर्षं ठाऊक होतं."

भैय्याजींचं तोंड उघडं राहिलं. "मंग बोलली काहून नाहीस?"

सिंधूताईंनी वातीची बाटली खिडकीतून रिकामी केली. ओला थर्मामीटर खिळ्यावरून काढला, त्याची वात सोडवली आणि तो कोरड्याशेजारी पुन्हा टांगला. आता दोन्ही सारखेच दिसत होते. त्या वळल्या, घसा साफ केला. आवाज मिरचीने बसला होता, पण प्रत्येक शब्द स्पष्ट आला.

"अहो, या खोलीत एसी लावा. उद्याच. आणि दुकानात पत्रा वाजवून पाहू नका."