टॅनर्स फोर्डचे अधिकृत बुडणे

एकदा बुडालेल्या गावाने पुन्हा बेसावध राहू नये, हे तत्त्व सर्वमान्य आहे. पेनसिल्व्हेनियातल्या टॅनर्स फोर्डने ते भिंतीवर टांगले आहे. १८९१ साली वरचे धरण फुटून गाव वाहून गेले, त्याचे बारा हात लांब तैलचित्र नगरभवनात आहे: काळे ढग, चर्चएवढी लाट, छपरांवर हात उंचावलेली माणसे. चित्र इतके हुबेहूब, की आपत्ती समितीने दरवर्षीची पूर-कवायत त्याच्यावरूनच बसवली.

व्यवस्था चोख आहे. चित्रात एकोणचाळीस माणसे दिसतात. भोंगा वाजताच त्यांच्या वंशजांनी छपरावर चढून आपापल्या पूर्वजासारखे उभे राहायचे. अध्यक्ष डेल्बर्ट क्रेमर यांचे खापरपणजोबा गाईच्या गळ्यात पडून रडत आहेत. म्हणून डेल्बर्टही रडतात. (गाय लाकडी आहे. खरी चढायला तयार झाली नाही.) उरलेले दोन हजार आठशे नागरिक चित्रात नसल्याने पाण्याखाली गेले असे समजून त्यांना जेवायला घरी सोडतात. गेल्या वर्षी कवायत सत्त्याण्णव टक्के यशस्वी झाली. तीन टक्के एका बाईंनी उजव्याऐवजी डावा हात वर केल्यामुळे गेले.

ओर्फा राइनहार्ट चाळीस वर्षे पहिलीला शिकवत होत्या, त्यामुळे एकच गोष्ट शंभरदा सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता. धरणाची भिंत झिरपत होती आणि शाळा नदीकाठी होती. त्यांनी पुन्हा अर्ज दिला.

"डेल्बर्ट, माझ्या सव्वीस पोरांना शाळेमागच्या टेकडीवर नेऊ दे."

"बाई, टेकडी चित्रात नाही."

"अरे, चित्रकाराचं कापड तिथं संपलं होतं!"

"तेच म्हणतो मी. आणि झिरपतंय ते उजवीकडून. लाट डावीकडून येते."

"पाण्याला कळवलंयस का तसं?"

"पहिलीतल्यासारखं रागावू नका हो. लोक बघतायत."

अर्ज नामंजूर झाला. धरणाचा विषय वेळेअभावी राहिला. (चित्राला नवे वार्निश एकमताने मंजूर.)

एप्रिलमध्ये एका मंगळवारी सकाळी दहाला भोंगा वाजला. त्या दिवशी कवायत नव्हती. ओर्फाबाईंनी खिडकीतून नदी पाहिली आणि खडू खाली ठेवला.

"रांग करा. हात धरा. आज आपण चित्राच्या बाहेर जायचं."

"बाई, परवानगी आहे?" पुढच्या बाकावरच्या विनीने विचारले.

"वर पोचलो की विचारू."

एकोणचाळीस वंशज दोन मिनिटांत छपरांवर होते. सगळे डावीकडे बघत होते. पाणी उजवीकडून, त्यांच्या पाठीमागून आले. पाण्याखालचे नागरिक नियमाप्रमाणे घरी जाऊन माळ्यावर बसले. छपरावरून उतरायचे कसे हे चित्रात नसल्याने वंशजांना दुपारी शेजारच्या गावच्या होड्यांनी काढले. वर्गात गाळ फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत चढला होता.

समितीने अहवालात कवायत शंभर टक्के यशस्वी ठरवली. शेवटी एक नोंद आहे: 'सव्वीस मुले व एक शिक्षिका गैरहजर. नंतर अनधिकृत ठिकाणी जिवंत आढळली. खुलासा मागवला आहे.'

वाचक हसत असतील तर चांगलेच आहे. हसून झाल्यावर आपल्या इमारतीतल्या मागच्या आग-कवायतीचा फोटो काढून पाहावा. तिसऱ्या रांगेत आपणच आहात, छान आला आहात. आता मागच्या जिन्यात ठेवलेल्या सायकली कोणाच्या, तेवढे सांगावे.