नव्वद किलोच्या स्प्रिंगा

चौदा एप्रिलला चार दिवस उरले असताना पितांबर आबा मोटारसायकल घेऊन धुळ्याला नासीर मिस्त्रीकडे पोचले. गेल्या वर्षी जयंतीच्या रॅलीत, भर चौकात, गतिरोधकावर गाडीने मान टाकली, आबांच्या हातातला निळा झेंडा कलला आणि मागच्या गाडीवरच्या, शेजारच्या अभिमनने तो अलगद झेलला. तेव्हापासून ‘यंदा पुढे अभिमन’ अशी कुजबुज गावात सुरू होती. वीस वर्षं पहिली गाडी आबांची. ती दुसरी झाली तर गावात तोंड कसं दाखवायचं?

नासीरने पुढचे-मागचे शॉकअप दाबून पाहिले. “स्प्रिंगा बसल्यात, आबा. चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे नव्या टाकू. तुमचं वजन किती?”

“मनं वजन? दोंडाईचापाईन धुळापावत बठ्ठासले माहीत शे!”

“लोकांतलं नाही हो. काट्यावरचं. किलोत.”

काट्यावर आबा एक्कावन्न भरत, तेही धोतर ओलं असेल तर. खरं सांगितलंही असतं. पण पंक्चर काढायला आलेला अभिमन नेमका बाकड्यावर चहा फुंकत बसला होता. त्याने कान टवकारले.

“नव्वद,” आबा म्हणाले.

नासीरने त्यांना टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. “नव्वद?”

“हाडं जड शेतस. टाक तू.”

वडीलधाऱ्या गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा नासीरचा नियम. त्याने टाकल्या.

आता गतिरोधक आला की गाडी तसूभर दबेना. उडायचे ते आबाच. घरी पोचेपर्यंत त्यांची कंबर कामातून गेली. भिकुबाईंनी नवऱ्याला शेक दिला आणि वर चार शब्दही दिले. दुसऱ्या दिवशी आबांनी टाकीवर ज्वारीचं पोतं बांधलं. वजन झालं, पण हँडल वळेना. आबा, पोतं आणि गाडी सरळ अभिमनच्या उकिरड्यात गेले.

तेरा तारखेला मुलगी आली. दीपमाला धुळ्याच्या शाळेत क्रीडाशिक्षिका, गोळाफेकीत राज्यात दुसरी आणि वजनाने अठ्ठ्याऐंशी. तिला पाहायला येणाऱ्यांना आबा हा आकडा अडुसष्ट सांगत. स्वतःचं वजन चढवायचं आणि पोरीचं उतरवायचं, असा हा माणूस!

तिने गाडीवर गावाला एक फेरी मारली आणि खूश होऊन परतली. “आबा, गतिरोधक कळतसुद्धा नाही! कोणाच्या वजनाच्या स्प्रिंगा टाकल्या?”

आबा घटाघटा पाणी प्यायले.

सकाळी चौकात सारं गाव जमलं. अभिमनने नम्रपणे हात पुढे केला. “आबा, कंबर दुखस ना तुमनी? द्या झेंडा.”

एवढ्यात दीपमालाने गाडीला किक मारली. “आबा, मांगे बसा. दोन्ही हातांनी धरा झेंडा.”

पोरीच्या मागे बसायचं? साऱ्या गावासमोर? आबा क्षणभर घुटमळले, मग धोतर सावरून बसले. गाडी निघाली. गतिरोधक आला, गेला. झेंडा काठीसारखा ताठ. आबांचा ऊर असा भरून आला की त्यांना ओरडल्यावाचून राहवेना.

“मनी पोर शे! गोळाफेकमा राज्यमा दुसरी! अठ्ठ्याऐंशी किलो!”

प्रत्येक चौकात त्यांनी हेच सांगितलं. दीपमालाने दोनदा मागे वळून डोळे वटारले, उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा नासीरकडे हजर. आज बाकड्यावर पाच माणसं होती.

“मागच्या स्प्रिंगा बदल. वजन एक्कावन्न,” आबा खणखणीत आवाजात म्हणाले.

नासीर हसला. “मग पुढच्याही तुमच्या वजनाच्या टाकू ना, आबा?”

“त्यासले हात लावू नको. पुढे मनी पोर बसस.”