वायूचे दोन साक्षीदार

मुख्याध्यापिकाबाईंच्या गर्भाशयाचा कर्करोग डॉक्टरांनी पोट उघडून मुळासकट काढला, त्याला तीन दिवस झाले होते. टाके छान, ताप नाही. घोडं अडलं होतं आतड्यांपाशी. भुलीत झोपलेली आतडी अजून कामावर रुजू झाली नव्हती, आणि ती रुजू झाल्याचा एकच पुरावा रुग्णालयाला मान्य होता: वायू सरणे. तो सरला की चहा, चहा पचला की घर. घराची ओढ होतीच, पण चहासाठी बाईंचा जीव नुसता कासावीस झाला होता.

उपाय म्हणून वॉर्डात फेऱ्या मारायच्या आणि दिवसातून तीनदा च्युइंगम चघळायचं. त्याने आतड्यांना जेवण आल्यासारखं वाटतं म्हणे, आणि ती जागी होतात. आता बाईंनी तीस वर्षं च्युइंगम चघळणाऱ्या मुली वर्गाबाहेर उभ्या केलेल्या. त्यातलीच एक या वॉर्डाची सिस्टर होती. तिने गोळी हातावर ठेवली आणि अदबीने म्हणाली, "तोंड मिटून हं, बाई." बाईंनी मुकाट्याने चघळलं.

चौथ्या दिवशी सून आपल्या आईवडिलांना घेऊन भेटायला आली. तेवढ्यात सिस्टरला घेऊन डॉक्टरही आले. आणि नेमका त्याच वेळी तो सरला. चोरपावलांनी नव्हे, चांगला वाजतगाजत. व्याही पंख्याचं निरीक्षण करू लागले. विहीणबाईंना पर्समधलं काहीतरी सापडेना. सून पाण्याची बाटली उघडून पुन्हा लावू लागली.

"कोण?" डॉक्टरांनी मोठ्या आशेने विचारलं.

"मी नाही हं," बाई म्हणाल्या. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं. डॉक्टरांनी तक्त्यावर 'नाही' लिहिलं.

दारातली चहाची गाडी पुढे सरकली. बाईंची नजर गाडीमागे गेली. जिने केलं असेल तिने उभं राहावं, असं त्या शाळेत किती वेळा गरजल्या होत्या! टाक्यांवर उशी दाबून त्या उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, मीच ती. खोटं बोलले, माफ करा."

डॉक्टरांना आनंद झाला, पण इलाज नव्हता. तक्त्यावर एकदा 'नाही' पडलं की वायुसरण नोंद-दुरुस्ती अर्ज लागतो, आणि त्यावर डॉक्टर सोडून दोन साक्षीदार. ऐकीव माहिती चालत नाही, स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. व्याह्यांनी आपला डावा कान लहानपणापासून अधू असल्याचं सांगितलं. विहीणबाई म्हणे त्या वेळी शिंकत होत्या. सून तर ठामपणे म्हणाली, की आमच्या सासूबाईंनी असलं काही करणं शक्यच नाही. बाईंना हसू आवरेना, हसताना टाके दुखले आणि दुसरा सरला. तोही कोणी ऐकला नाही.

शेवटी सिस्टरने अर्ज ओढून घेतला, सही ठोकली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'स्पष्ट व दमदार'. वाफाळता चहाही आणून उशाशी ठेवला. पण दुसरी सही झाल्याशिवाय कपाला हात लावायची सोय नाही.

त्या वेळी खोलीत हजर असलेलं कोणीही चालेल, असं अर्जावर छापलंय. वाचकहो, तुम्ही पहिल्या ओळीपासून इथेच आहात, आणि ऐकलंतही स्वच्छ. हे घ्या पेन.

पंख्याकडे काय बघताय? चहा गार होतोय.