एक पाय, तीन माना

तिसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरातून खाली लोंबणारी नारिंगी वायर.

महिन्याभरापासून बेरोजगार असलेला एक डावा पाय.

मानेचा पट्टा, औषधांच्या दुकानातला शेवटचा.

आठ दिवस गप्प बसलेला मिक्सर.

मंगळवारी दुपारी, आभाळ भरून आलेलं असताना, गॉगल लावून गाड्यांच्या शोरूममध्ये शिरलेले एक गृहस्थ.

मास्तर सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते. "क्लच म्हणजे संसार," ते शिकाऊंना सांगत, "एकदम सोडला की बंद पडतो." अशा माणसाने जुनी गाडी विकून बिनक्लचची, बिनगिअरची, बिनआवाजाची छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. कारण ती सगळ्यांत स्वस्त होती आणि लांबून महाग दिसत होती.

'एसयूव्ही' हा शब्द ते छाती पुढे काढून उच्चारत. गाडी उंच होती हे खरं. माहितीपत्रकात ती दऱ्याखोऱ्यांतून उधळताना दाखवली होती. प्रत्यक्षात तिने आजवर चढलेला सर्वांत मोठा डोंगर म्हणजे इमारतीच्या फाटकातला गतिरोधक. त्यावरही ती असा दणका देई, की मागे बसलेल्याला आपले मणके मोजून घेता येत.

शिवाय तिला एक खोड होती. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती नुसती हळू होत नसे, ब्रेक मारल्यासारखी अडे आणि त्या अडण्यातून थोडी वीज परत बॅटरीत भरून घेई. चिक्कू पाहुण्यासारखी. आणलेल्यातलं अर्धं जाताना परत नेणारी. अशा गाडीत पाय अलगद उचलायचा असतो. पण मास्तरांना सव्वीस वर्षांची सवय होती. गाडी चालवून दाखवताना वाक्य संपलं की ते पाय झटकन वर घेत. त्याने मुद्दा शिकाऊच्या डोक्यात शिरतो, असं त्यांचं मत होतं. जुन्या गाडीत त्याने काही बिघडत नसे. या गाडीत मास्तरांच्या प्रत्येक पूर्णविरामाला बसलेल्यांच्या माना पुढे जात.

गाडी रात्रंदिवस स्वयंपाकघरातल्या प्लगवर चरत असे. ती चरत असताना मिक्सर लावला की अख्ख्या घराची वीज जाई.

"अहो, या घरात आता आम्ही दोघी झालोय," बायको म्हणाली, "आणि पहिलं ताट तिला."

त्यातच इमारतीच्या समितीची नोटीस आली. वायर धोकादायक व विद्रूप असल्याने रविवारी संध्याकाळी सहापर्यंत काढावी. पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंटला परवानगी नाही. खाली सचिवांची सही, सहीखाली दोन रेघा.

"रविवारपर्यंत खालच्या प्लगची परवानगी आणा," बायकोने नोटीस फ्रिजवर चिकटवली. "नाहीतर वायर मी कापते, गाडी तुम्ही विका."

"आणि स्कूलचं काय?"

"जुनी गाडी विकताना विचारलं होतंत स्कूलला?"

सर्वांत जवळचं चार्जिंग स्टेशन अकरा किलोमीटरवर होतं आणि तिथे तीन तास रांग. शिकवायचं कधी? मास्तर रात्रभर तळमळले आणि सकाळी हुशार होऊन उठले. "समितीला फिरवून आणतो. एकदा गाडीत बसले की विरघळतील."

रविवारी दहा वाजता समिती गाडीत बसली. पुढे अध्यक्ष, जे टेकायला काहीही मिळालं की झोपत. मागे सचिव, जे लिफ्टमधल्या सूचना वाचल्याशिवाय बटण दाबत नसत. दुसऱ्या बाजूला खजिनदारबाई, आणि दोघांच्या मधे फटीत बायको. ती महिन्याभरात शहाणी झाली होती. बसल्या बसल्या तिने पुढच्या दोन्ही सीट घट्ट धरल्या.

"चालू कधी करताय?" अध्यक्षांनी विचारलं.

"चालूच आहे, काका."

"मग आवाज?"

"नसतो हिला."

"आमच्या गाडीला एवढा होता, की..." एवढं बोलून अध्यक्ष झोपले.

मास्तरांनी सुरुवात केली. "स्टीअरिंग बघा, एका बोटाने फिरतंय. हलकं आहे की नाही?" पाय वर. तीन माना पुढे.

"पिकअप बघा आता!" गाडीने शेपटीवर पाय पडल्यासारखी उडी मारली. तिन्ही डोकी मागे आपटली. "आहे की नाही?" पाय वर. तिन्ही पुढे.

"मास्तर, ही सारखी अडतेय का हो?" खजिनदारबाईंनी चष्मा सावरला.

"अडत नाही बाई, वीज कमावतेय."

"एसी लावला तर किती कमी धावते?" सचिवांनी विचारलं.

"पाचवा हिस्सा धरून चाला."

"आणि मागे गुडघे असे हनुवटीशीच येतात?"

"तिघांना थोडी अडचण होते."

"दोघांना ठीक आहे," सचिव स्वतःशी पुटपुटले.

मास्तरांना वाटलं, विरघळायला लागले. त्यांनी मुद्द्यालाच हात घातला. "मग मला सांगा, एवढ्या मोठ्या इमारतीत एक तरी चार्जिंग पॉइंट हवा ना?" पाय वर. तीन माना पुढे. "हवाच ना?" पुन्हा.

तेवढ्यात समोर रस्ताभर पसरून फिरायला निघालेलं एक टोळकं आलं. गाडीला आवाज नसल्याने त्यांच्यातलं कुणी वळेना. हळू जायचं म्हटल्यावर मास्तरांच्या डाव्या पायाला आपली जुनी नोकरी आठवली. क्लच समजून तो सव्वीस वर्षांच्या निष्ठेने दाबला गेला. खाली ब्रेक होता.

गाडी खिळ्यासारखी थांबली. खजिनदारबाईंचा चष्मा पुढच्या काचेवर आदळला. अध्यक्ष दचकून जागे झाले आणि बैठकीत जाग आल्यावर जे म्हणतात तेच मोठ्याने म्हणाले.

"मंजूर!"

फाटकाशी उतरताना खजिनदारबाईंनी मान धरून एवढंच विचारलं, "मास्तर, तुम्ही लोकांना शिकवता? गाडी?" मग त्या थेट औषधांच्या दुकानाकडे वळल्या.

"सहाला वायर निघाली पाहिजे," सचिव म्हणाले.

मास्तर वर येऊन सोफ्यावर कोसळले. बायकोने मात्र गाडीतला कॅमेरा उघडला. शिकाऊंना त्यांच्याच चुका दाखवता याव्यात म्हणून मास्तरांनी तो आत बसवला होता. बायकोने पाहिलं, परत पाहिलं, आणि 'हवा ना?'पासून 'मंजूर!'पर्यंतचा चाळीस सेकंदांचा तुकडा इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'पार्किंगमधल्या पॉइंटला एकमुखाने मंजुरी दिल्याबद्दल समितीचे आभार.'

पावणेसहापर्यंत निम्मी इमारत पार्किंगमध्ये जमली.

"अहो, आम्ही मान हलवलीच नाही!" सचिव ओरडत होते. "गाडीने हलवली!"

"एवढी भिकार चालते?" तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले. "बरं झालं कळलं. अशी गाडी फुकट दिली तरी कोण घेईल?"

सगळे हसले. सचिवांनी तोंड उघडलं. गाडीकडे पाहिलं. तोंड मिटलं.

"तसं काही नाही," ते म्हणाले. "गाडी चांगली आहे."

"मग मान तुम्ही हलवलीत," डॉक्टर म्हणाले.

"हो." सचिवांनी घसा खाकरला. "विचारपूर्वक."

मानेला पट्टा बांधलेल्या खजिनदारबाईंना या वेळी नाही म्हणायचं होतं. पण पट्ट्यामुळे मान आडवी हलेना.

*ठराव. इमारतीत एक (१) चार्जिंग पॉइंट बसवावा. समितीने मानेने व अध्यक्षांनी तोंडी संमती दिली. जागा सचिव ठरवतील. पॉइंट मंजूर झाल्याने नारिंगी वायरची आवश्यकता उरलेली नाही. ती आजच काढावी.*

मास्तरांनी वायर स्वतः गुंडाळली, विजयी सेनापतीने तंबू गुंडाळावा तशी. वरून मिक्सरची घरघर ऐकू आली. नोटीस फ्रिजवरून उतरली. मास्तरांनी चार शिकाऊंना पुढच्या आठवड्याच्या वेळाही देऊन टाकल्या.

शुक्रवारी वायरमन आला आणि खांबावर पॉइंट बसवून गेला. मास्तर तो पाहायला खाली गेले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. शेवटी बायको खाली आली. पॉइंटभोवती लोखंडी पेटी होती, पेटीला कुलूप होतं, आणि खांब चार नंबरच्या जागेचा होता. मास्तरांची जागा एकोणीस, थेट पाण्याच्या टाकीमागे.

"चार नंबर कुणाचा हो?" बायकोने विचारलं.

"सचिवांचा."

"तिथे तर झाकलेली सायकल असते. सायकलला कशाला प्लग?"

मास्तरांचा डावा पाय नुसताच जमीन दाबत होता. गाडीत अकरा टक्के उरले होते. सोमवारी सकाळी सातला पहिला शिकाऊ येणार होता.

"वायर परत सोडू का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मिक्सर चालू आहे," बायको म्हणाली आणि वर गेली.

मंगळवारी गॉगल लावून शोरूममध्ये गेलेले गृहस्थ म्हणजे सचिव. तीच गाडी, पांढऱ्या रंगात, त्यांनी त्या दिवशी बुक केली. रविवारच्या फेरीला तेव्हा अजून पाच दिवस होते.